सरांक सांग

वीस सालचा ऑगस्ट. मालवणात, भाड्याच्या खोलीत,
मी एकोणतीस काळ्या चौकोनांना शिंपले शिकवत होतो.
कॅमेरे बंद. डेटा जातो म्हणून.
कुणी सड्यावर छत्री धरून, कुणी बंद एस.टी. शेडमध्ये,
हे सगळं नंतर कळलं. तेव्हा नुसती आद्याक्षरं,
आणि माझाच आवाज, अर्ध्या सेकंदानं मागे राहिलेला.

"पावसात खाडीचं पाणी गोडं होतं," मी म्हणालो,
"क्षार उतरतात, आणि तिसऱ्या
मोठ्या संख्येनं मरतात."
पुढची स्लाइड.

तेवढ्यात दे. ता. या चौकोनाला पिवळी कड आली.
टोपाचं झाकण, चुलीवर फुंकर, आणि एक बाई:
"तुझे सर चुकले गो. मरनत नाय ते.
खाली जातत. सरांक सांग."

मग घाईघाईनं म्यूट.
मी पुस्तकातलंच सांगितलं होतं.
पुस्तक दुसऱ्या समुद्राचं होतं.

देवयानी तारीनं प्रबंधाला तोच प्रश्न घेतला.
प्रयोगशाळेला कुलूप, किल्ली कारकुनाकडे,
कारकून पेणला अडकलेले.
नळयोजनेतून उरलेल्या पाइपांची तिनं चौकट केली,
चौकटीतला चिखल उपसायचा, कोपरापर्यंत.
कोपर आईचं. प्रबंधात ते सेंटिमीटरमध्ये आहे.

क्षारमापक आला तो दिवाळीत.
तोवर जयवंतीबाई पाणी जिभेला लावून सांगत:
अळणी पेज. बरी पेज. टाकून द्यायची पेज.
यंत्र आल्यावर आम्ही दोन्ही ताडून पाहिलं,
आलेख काढला,
आणि मी बराच वेळ त्या रेषेकडे बघत बसलो.
इतकी सरळ रेषा माझ्या पीएच.डी.त एकही नव्हती.

एकवीसच्या मेमध्ये देवयानी आजारी, वेगळ्या खोलीत.
तरी माझ्या फोनवर नोंदी येत राहिल्या, आवाजात:
"आज सप्तमी. पानी कमी सुकला.
तीन गंडे नि वर दोन. एक रिकामा."
मागे पाण्याची चुबकचुबक, मधे लांब श्वास.
कधी भिंतीपलीकडचा खोकला.
तो खोकला मी आकड्यांइतकाच मोजत असे.

बावीसची तोंडी परीक्षा. सगळं उघडलेलं,
तरी बाह्य परीक्षक पुण्याहून पडद्यावरच आले,
मागे पुस्तकांचं कपाट, जे त्यांच्या कानाशी विरघळत होतं.
"परिशिष्ट तीन," ते म्हणाले, "अकरा ते एकोणतीस मे.
तुम्ही तेव्हा आजारी होतात. मोजलं कुणी?"
"दुसऱ्या निरीक्षकानं, सर."
"पात्रता?"
"तिसऱ्या काढण्याचा एकतीस वर्षांचा अनुभव."
"आभारात लिहिलंत?"
"नाही सर. पद्धती या प्रकरणात. पान चौदा."

शांतता झाली. नेटवर्क गेलं की काय, मला कळेना.
मग ते हसले, की पडदा थरथरला,
पण गुण दिले.

खाली किती जातात, ते अजून पुरतं ठरलेलं नाही.
काही मरतातही. बाई म्हणतात,
मेलेले ते आधीच आजारी असणार.
त्यावर आमचं भांडण चालू आहे.

आता विद्यापीठाच्या नवोपक्रम कक्षाचा फॉर्म आलाय.
नवोपक्रमाचे नाव. संशोधकाचे नाव, पदवीसह.
दुसऱ्या रकान्यात दोनच ओळी मावतात,
तीन आठवडे तो टेबलावर पेपरवेटखाली पडून आहे.

आणि वर्ग भरतो. नवा फळा, बोटानं सरकणारा.
दार लावून घेतो, बाहेर रिक्षा फार.
एकोणतीस चेहरे, सगळे दिसतात,
सगळे लिहून घेतात, मान डोलावतात.
कुणाच्याही मागे चूल नाही.

तिसऱ्यांच्या स्लाइडवर येतो.
थांबतो
अर्धा सेकंद. जरा जास्तच.